रुळांशेजारचा रस्ता: एचओ लेआउटसाठीच्या जुन्या मोटारी आणि ट्रक

लेआउटचा, म्हणजे लघुरेल्वेच्या मांडलेल्या देखाव्याचा, काळ इंजिनावरून ओळखावा, अशी या छंदातली जुनी रीत आहे. पण माझ्या अनुभवात काळाची खरी साक्ष रुळांशेजारच्या रस्त्यावरच्या गाड्या देतात. इंजिन तीस-तीस वर्षे सेवेत राहते. 1920 च्या सुमारास बांधलेले वाफेचे इंजिन 1952 मध्ये मालगाडी ओढताना दाखवले, तरी त्यात काही वावगे नाही. मोटारीचे तसे नसते. अमेरिकेतले कारखाने दरवर्षी पुढची जाळी, बंपर किंवा दिव्यांच्या कडा यांत काही ना काही बदल करत, त्यामुळे तिथली प्रत्येक मोटार आपले जन्मसाल चेहऱ्यावर घेऊन फिरते. 1952 च्या फाटकाशी थांबलेल्या रांगेत 1957 ची एक शेव्हरोले बेल एअर उभी केली, की इंजिने, डबे, स्टेशनची इमारत आणि भिंतीवरच्या जाहिराती यांवर घेतलेली सगळी मेहनत त्या एका मोटारीमुळे वाया जाते.

माझा लेआउट एचओ मापाचा आहे आणि त्यावरचा महिना 1952 चा ऑक्टोबर आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातले एक लहान जंक्शन, एक मालधक्का, कोळशाची एक वखार, धान्याची उंच कोठारे आणि मधून जाणारा दुपदरी रस्ता, एवढाच त्याचा पसारा. वाफ जाऊन डिझेल येण्याचा हा काळ मॉडेल करणाऱ्यांचा विशेष आवडता आहे, कारण दोन्ही प्रकारची इंजिने एकाच यार्डात उभी करता येतात. नॉरफोक अँड वेस्टर्नसारख्या रेल्वे कंपनीने तर वाफेला 1960 पर्यंत धरून ठेवले होते. या रस्त्यासाठी मी गेल्या काही वर्षांत साठेक मोटारी आणि ट्रक जमवले, काही जोडले, काही रंगवले, काही काढून टाकले. त्यांपैकी कोणत्या गाड्या पैसे आणि वेळ दोन्हींना न्याय देतात, याचे हे परीक्षण आहे.

आधी मापाविषयी लिहितो, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. एचओ म्हणजे 1:87, अर्थात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. ब्रिटनमध्ये रूढ असलेले ओओ माप 1:76 चे, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर. गोंधळाचे कारण असे की दोन्ही मापांचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचेच असतात, आणि त्यामुळे विक्रेते पुष्कळदा एकाच खोक्यावर दोन्ही अक्षरे छापून मोकळे होतात. रुळाला हा फरक कळत नाही, मोटारीला कळतो. 1949 ची फोर्ड खरी सुमारे 197 इंच लांब होती. एचओमध्ये ती 57 मिलिमीटरची भरते आणि ओओमध्ये जवळजवळ 66 मिलिमीटरची. आकडे लक्षात राहत नसतील, तर एक साधी परीक्षा आहे. त्या काळातली मोटार साधारण सव्वापाच फूट उंच असे, त्यामुळे मध्यम उंचीचा माणूस तिच्याशेजारी उभा राहिला तर त्याला टपावरून पलीकडचे दिसत असे. एचओचा वीस मिलिमीटरचा बाहुला मोटारीशेजारी उभा करा. टप त्याच्या नाकाच्या खाली राहिला तर मोटार योग्य मापाची आहे. त्याची टोपीसुद्धा टपाआड गेली तर ती गाडी दुसऱ्या मापाची आहे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

ही परीक्षा मी शिकलो ती दहा मोटारींचा एक संच टपालाने मागवल्यानंतर. जाहिरातीत त्या एचओच्या म्हटल्या होत्या, प्रत्यक्षात एकही 1:80 च्या आत बसत नव्हती, आणि विक्रेत्याने परत घेण्यास नकार दिला. एकट्या पाहिल्या तर त्या वाईट नव्हत्या. पण मालधक्क्याच्या दारासमोर उभ्या केल्या की दारच लहान वाटू लागे, आणि डोळा इमारतीला दोष देई. माप चुकलेली मोटार स्वतः खटकत नाही, ती शेजारच्या बरोबर वस्तूंना खोटे पाडते. म्हणून आता पट्टी लावल्याशिवाय मी कोणतीही गाडी ठेवून घेत नाही.

तयार गाड्यांमध्ये अमेरिकन लेआउटसाठी माझी पहिली पसंती क्लासिक मेटल वर्क्सच्या मिनी मेटल्स या मालिकेला आहे. डायकास्ट, म्हणजे साच्यात दाबाने ओतलेल्या, धातूचा सांगाडा, बारीक छपाई, बसवलेल्या काचा आणि हातात घेतल्यावर जाणवणारे वजन, हे सर्व तिच्यात आहेच. पण तिचे मोठे गुण दोन. एक म्हणजे तिने ट्रककडे मोटारींइतकेच लक्ष दिले, आणि रेल्वेच्या लेआउटला ट्रकच जास्त लागतात. मालधक्क्यावर उभा राहणारा पेटीबंद ट्रक, तेलाची टाकी, ट्रेलर ओढणारा व्हाइट डब्ल्यूसी 22, रेल्वे एक्सप्रेस एजन्सीचा गडद हिरवा पार्सल ट्रक, यांच्याशिवाय त्या काळातले स्टेशन उघडे वाटते. ही एजन्सी 1929 पासून देशभरातल्या रेल्वेमार्गांची पार्सले घरोघर पोचवत होती, त्यामुळे तिचा एक तरी ट्रक प्रत्येक लहानमोठ्या स्टेशनाबाहेर असायलाच हवा. दुसरा गुण म्हणजे या मालिकेतल्या गाड्या बहुतांशी साध्या, रोजच्या वापरातल्या आहेत. 1941 ते 1946 या सालांतल्या शेव्हरोले ट्रकचे मॉडेल तर मला या सगळ्या संग्रहातले सर्वांत उपयोगी वाटते. त्या ट्रकची उभी जाळी आणि फुगीर मडगार्ड 1941 पासून 1947 च्या मध्यापर्यंत जवळजवळ तसेच राहिले, त्यामुळे युद्धपूर्व लेआउटपासून पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, नवा म्हणून किंवा जुनाट म्हणून, तो कुठेही खपतो.

या मालिकेत एक जागा मात्र सांभाळून चालण्याची आहे. तिच्यातला इंटरनॅशनल आर 190 हा ट्रक इतका देखणा आहे की पाहताक्षणी घ्यावासा वाटतो, आणि मी घेतलाही. नंतर तारखा पडताळल्या तेव्हा लक्षात आले की आर मालिका 1953 सालची. 1952 मध्ये त्या कंपनीचे जे ट्रक रस्त्यावर धावत होते ते त्याआधीच्या एल मालिकेचे होते. फोर्ड एफ 700 देखील 1954 चा, म्हणजे तोही बाद. मॉडेलमध्ये दोष काहीच नाही, दोष माझ्या घाईचा होता. ज्यांचा लेआउट 1955 च्या पुढचा आहे त्यांनी हे दोन्ही ट्रक अवश्य घ्यावेत. माझ्यासारख्यांनी गाडी मागवण्यापूर्वी ती कोणत्या वर्षात बाजारात आली हे पाहावे; आणि ऑक्टोबर हा तर विशेष नाजूक महिना, कारण अमेरिकेत पुढच्या सालाच्या मोटारी शरद ऋतूतच विक्रीला येऊ लागत.

जोडायच्या किटांमध्ये जॉर्डनच्या हायवे मिनिएचर्सना मी आजही सर्वांत वरचे स्थान देतो. मला त्या जुन्या साठ्यांतून मिळाल्या. फोर्डचे मॉडेल टी, मॉडेल ए, मॅकचा बुलडॉग ट्रक, अशा 1920 आणि 1930 च्या दशकांतल्या गाड्या त्यांत आहेत, आणि स्टायरिन प्लास्टिकचे इतके नाजूक साचेकाम या मापात मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मॉडेल एचे किट उघडले तेव्हा सुकाणूचे चाक पाहून मी ते चिमट्याने उचलायलाही कचरलो. त्याची कड शिवणाच्या दोऱ्याएवढी आहे. ते स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, नेहमीच्या कटरने तोडले तर झटक्याने मोडते, म्हणून मी नवे पाते घेऊन, खाली काच ठेवून, एकेक जोड हलक्या दाबाने करवतल्यासारखा कापत गेलो. चाकांचे आरे, पुढच्या दिव्यांच्या कमानी, पायरीची फळी, प्रत्येक भाग वेगळा. ट्यूबमधला गोंद इथे कामाचा नाही. पातळ द्रव गोंद कुंचल्याच्या टोकाने सांध्याला लावायचा आणि तो आपसूक आत ओढला जाऊ द्यायचा. एका मोटारीला माझ्या चार संध्याकाळी गेल्या. एवढे करून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तेव्हा शेजारच्या डायकास्ट मोटारींची जाड खिडकीची चौकट प्रथमच माझ्या नजरेत भरली.

मॅक बुलडॉगबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. मॅक एसी हा ट्रक 1916 मध्ये आला आणि दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिला. त्याचा रेडिएटर इंजिनाच्या पुढे नसून मागे, केबिनला लागून असे. म्हणून त्याचे बोनेट पुढे उतरते होत गेलेले आणि नाक चपटे दिसते, आणि त्यावरूनच त्याला ते नाव पडले. मागची चाके साखळीने फिरत. हे ट्रक सहजासहजी मोडीत निघत नसत. म्हणून 1952 च्या लेआउटवरही मी एक मॅक ठेवला आहे, कोळशाच्या वखारीत, हौद्याचा फाळका उघडा, केबिनचा रंग उन्हाने फिका पडलेला. त्याला राज्यमार्गावर धावताना दाखवणे चुकीचे ठरले असते. वखार ते गावातली घरे, एवढ्याच फेऱ्या मारणारा म्हातारा ट्रक म्हणून तो तिथे शोभतो.

कॅनडातल्या सिल्व्हन स्केल मॉडेल्सच्या रेझिन किटांकडे मी वळलो ते मोठ्या कंपन्यांनी न बनवलेल्या गाड्यांसाठी. मोटारींपेक्षा तिथले ट्रक मला अधिक रुचले. रेझिनला द्रव गोंद चालत नाही, झटपट चिकटणारे सायनोअॅक्रिलेट किंवा इपॉक्सीच लागते. त्याची भुकटी फुप्फुसाला घातक असल्यामुळे घासकाम पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावूनच करावे. रंग देण्याआधी सर्व भाग भांडी घासायच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. पहिलेच किट जोडणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

जर्मन कंपन्यांच्या प्लास्टिकच्या गाड्या हा वेगळाच विषय आहे, आणि एचओ मापात त्यांचे काम सर्वांत जुने आहे. विकिंग ही कंपनी 1932 ची. ती आधी जहाजांची लघुमॉडेल्स करत असे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या मोटारींकडे वळली. तिच्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्या 1:87 पेक्षा किंचित लहान मापाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच कारणाने मी त्या टाकून देत नाही. लेआउटच्या मागच्या बाजूला, जिथे रस्ता टेकडीवर चढतो तिथे त्या उभ्या केल्या की अंतर वाढल्याचा भास होतो. त्याच्याही मागे, क्षितिजाच्या चित्राला लागून, 1:160 मापाची एन स्केलची एखादी गाडी ठेवली तर तो रस्ता खरोखर दूर जातो. हेर्पा आणि ब्रेकिना यांच्या नव्या गाड्यांचे साचेकाम अत्यंत स्वच्छ आहे, आणि जर्मन लेआउटच्या तिसऱ्या कालखंडासाठी, म्हणजे साधारण 1949 ते 1970 साठी, ब्रेकिनाच्या फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरना तोड नाही.

जर्मन लेआउट करणाऱ्यांना फोक्सवॅगन बीटल तर टाळताच येत नाही, आणि तिचे साल ओळखायला मागची काच पुरेशी असते. 1953 च्या सुरुवातीपर्यंत ती काच मधल्या पट्टीने दुभंगलेली होती, त्यानंतर 1957 पर्यंत अंडाकृती एकच काच होती, आणि पुढे ती रुंद चौकोनी झाली. एचओमध्ये ही काच जेमतेम दहा मिलिमीटर रुंद असते, तरीही फरक हातभर अंतरावरून स्पष्ट कळतो. याच बीटल अमेरिकन लेआउटवर सर्रास दिसतात, तिथे मात्र जपून. 1949 साली संपूर्ण अमेरिकेत अशा फक्त दोन मोटारी विकल्या गेल्या होत्या. 1952 च्या मध्यपश्चिमेतल्या लहान गावात ती दिसली असती तर लोक दुकाने सोडून पाहायला आले असते.

अमेरिकन गाड्यांसाठी जर्मन कंपन्यांपैकी बुश मला सर्वांत उपयोगी ठरली. तिची 1950 ची शेव्हरोले पिकअप माझ्या लेआउटवर चार वेगवेगळ्या रंगांत आहे. हा आकार 1947 ते 1955 या काळातला, म्हणजे माझ्या वर्षाच्या बरोबर मधोमध बसणारा. हौदा रिकामा येतो, आणि ते उत्तमच आहे. एकीत मी काडेपेटीच्या काड्या चिरून कुंपणाचे खांब भरले, दुसरीत टिश्यू पेपरला पातळ गोंद लावून ताडपत्री केली. तिची 1950 ची ब्यूकही चांगली आहे, पण ती एकच घ्यावी. बँकेबाहेर एक ब्यूक गावाची ऐपत दाखवते, तीन ब्यूक उभ्या केल्या की ते प्रदर्शन वाटते.

ब्रिटिश लेआउटविषयी माझा अनुभव थोडा आहे. ऑक्सफर्ड डायकास्टच्या 1:76 गाड्या तिथे आपल्या जागी आहेत, आणि तीन चाकांचा स्कॅमेल स्कॅरब हा स्टेशनाच्या आवारात वळणारा ट्रक मी केवळ आवडला म्हणून घेतला. ब्रिटिश गाड्यांत नंबरप्लेट पाहावी. 1968 च्या आधीच्या गाडीवर काळ्या पाटीवर पांढरी किंवा चंदेरी अक्षरेच हवीत. पिवळी पाटी असेल तर साल चुकले. मॉरिस मायनरची पुढची काच 1956 पर्यंत मधे दुभंगलेली होती, हेही उपयोगी पडते.

आता गाड्यांच्या मिश्रणाविषयी, कारण चांगल्या गाड्या घेऊनही रस्ता खोटा वाटू शकतो. 1952 सालच्या रस्त्यावर सगळ्या मोटारी 1952 च्या नव्हत्या. अमेरिकेत फेब्रुवारी 1942 मध्ये खासगी मोटारींचे उत्पादन युद्धासाठी थांबले आणि 1945 मध्ये पुन्हा सुरू झाले. 1946 पासून 1948 पर्यंत विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारी या 1942 च्याच आकाराच्या, थोडी जाळी बदललेल्या होत्या. त्यामुळे 1930 च्या दशकाच्या अखेरच्या मोटारी युद्धभर वापरल्या गेल्या आणि नंतरही चालत राहिल्या. माझ्या रस्त्यावर साधारण एक तृतीयांश गाड्या युद्धपूर्व आहेत, एक तृतीयांश 1946 ते 1948 च्या, आणि उरलेल्या 1949 नंतरच्या, ज्यांत मडगार्ड वेगळे न दिसता सबंध बाजू सपाट झाली. अगदी नवी 1952 ची मोटार एकच आहे. लेआउट पाहायला येणाऱ्यांची नजर तिच्यावर जाते ती आजूबाजूला जुन्या गाड्या आहेत म्हणून.

कारखान्यातून आलेली चकाकी हा पुढचा मुद्दा. खऱ्या मोटारीवर ऊन पडते तेव्हा तिची चमक दोनशे फुटांवरून मंद झालेली असते, आणि एचओची मोटार आपण नेहमी तेवढ्या अंतरावरूनच पाहत असतो. म्हणून प्रत्येक गाडीच्या काचा झाकून मी सॅटिन वार्निशचा एक हलका हात फवारतो. ट्रकना पूर्ण मॅट. टायर काळे ठेवत नाही, त्यांना गडद राखाडी रंग देतो आणि पेस्टलच्या भुकटीने रस्त्याच्या रंगाची धूळ लावतो. चाकाचा जमिनीला टेकणारा भाग कानशीने केसभर घासला तर गाडीला वजन आल्यासारखे दिसते. डायकास्ट गाडीत हे सगळे सोपे. क्रोमची जाळी मात्र बहुधा आरशासारखी येते, तिच्या फटींत पातळ केलेला काळा रंग सोडून वरचा भाग पुसून घ्यावा. नंबरप्लेट साधारण बारा इंचांची, म्हणजे एचओमध्ये साडेतीन मिलिमीटरची. मी ती कागदावर छापून चिकटवतो. रस्ता पूर्ण करताना थांबण्याची पाटीही तपासावी, कारण अमेरिकेत 1954 पर्यंत ती पिवळी असे, लाल नंतर झाली.

टिकाऊपणाबद्दल दोन कटू अनुभव. मऊ रबरी टायरांच्या काही गाड्या मी रंगवलेल्या स्टायरिनच्या रस्त्यावर वर्षभर न हलवता ठेवल्या होत्या. उचलल्या तेव्हा प्रत्येक टायरखाली प्लास्टिक वितळून चिकट खळगा पडला होता. व्हिनाइलच्या टायरांतला मऊपणा आणणारा द्रव स्टायरिनमध्ये उतरतो, म्हणून अशा गाड्यांची चाके बदलावीत किंवा रस्ता प्लास्टरचा करावा. दुसरा अनुभव एका जुन्या डायकास्ट ट्रकचा. तो एका संग्रहातून घेतला तेव्हा त्याच्या केबिनवर केसाएवढी चीर होती. दोन पावसाळ्यांत ती मडगार्डपर्यंत गेली आणि शेवटी पुढचा भाग हातात तुटून आला. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले असेल तर दमट हवेत तो आतून फुगून भुगा होतो, आणि त्यावर उपाय नाही. जुनी डायकास्ट गाडी घेताना भिंग लावून तिची चासी पाहावी. रंगाखाली जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती घेऊ नये.

बाजारात मला अजून जे कमी वाटते ते म्हणजे चार दारांच्या साध्या, कंटाळवाण्या मोटारी. प्रत्येक कंपनी टपाचे कापड उघडणाऱ्या किंवा दोन दारांच्या देखण्या गाड्या काढते, आणि शाळामास्तर, हिशेबनीस, शेतकरी ज्या प्लिमथ किंवा डॉज वापरत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळतात. तोपर्यंत मी आहेत त्याच पाचसात साच्यांच्या मोटारींना निरनिराळे रंग देऊन वापरतो आहे, शक्यतो गडद हिरवा, राखाडी, निळसर काळा, कारण त्या काळचे रस्ते याच रंगांचे होते. मालधक्क्याच्या दुसऱ्या दाराशी एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे इंटरनॅशनलचा एल मालिकेचा पेटीबंद ट्रक यायचा आहे. रेझिनचे किट टेबलावर आले आहे, धुऊन वाळत ठेवले आहे, आणि आर 190 तूर्त खोक्यात गेला आहे.